नाशिकच्या ओळखीच्या ठिकाणांवरून पोरांना नकाशा कसा शिकवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, ट्यूशनवाले आणि पालक, सगळ्यांचे मेसेज फिरून फिरून तेच येतात, त्यामुळे इथे एकदाच लिहून टाकते. आधी सोपे आहेत, डोकं खाणारे खाली आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. मॅडम, सुरुवात कुठून करू? पुस्तकात तर पहिल्याच पानावर दिशाचक्र आहे.

दिशाचक्र आठवडाभर बाजूला ठेवा. पोरांना फक्त एवढंच विचारा की तुझ्या घरून गंगेवर कसं जायचं. नाशिकचं पोर गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतं, आणि ते लगेच सुरू होतं की आधी शालिमार लागतं, मग मेन रोड, मग रविवार कारंजा, मग उतार सुरू होतो आणि मग पूल. हा झाला नकाशा, फक्त तोंडी आहे. तोच त्याला कागदावर काढायला सांगा, पट्टी नाही, खोडरबर नाही, उत्तर दिशा नाही, काही नाही. चित्र वाकडंतिकडं येणार, गल्ली पुलापेक्षा रुंद येणार, मंदिर उभं काढलेलं असणार आणि नदी वरून बघितलेली असणार, येऊ द्या. त्या चुकाच पुढे महिनाभर शिकवायला पुरतात. आणि हो, छापील नकाशात "गंगा" सापडणार नाही हेही त्यांनाच शोधू द्या, मजा येते.

२. आठ दिशा पाठ होतात पण शहरात लावता येत नाहीत. काय करू?

नाक्यांवरून शिकवा. नाशिकसारखी सोय फार कमी शहरांत असेल, आपल्याकडे जुन्या गावाच्या भोवती नाकेच नाके आहेत आणि प्रत्येकाला पुढच्या गावाचं नाव आहे. दिंडोरी नाका म्हणजे दिंडोरीला जायचा रस्ता, म्हणजे उत्तर. पेठ नाका वायव्येकडे. त्र्यंबक नाका पश्चिमेकडे. मुंबई नाका नैर्ऋत्येकडे. आडगाव नाका ईशान्य-पूर्वेकडे. द्वारकेला नाका म्हणत नाहीत पण तिथून पुण्याचा रस्ता फुटतो, तो आग्नेयेला नाशिकरोडकडे जातो. मधे रविवार कारंजा ठेवायचा, भोवती घड्याळासारखे नाके मांडायचे, आणि मग पोरांना विचारायचं की आता दिंडोरीला जायचंय तर तोंड कुठे करशील.

एक गोम आहे बरं का. दिशा बघायची ती पुढच्या गावाची, नाक्याची नाही. त्र्यंबक नाका आज पार शहराच्या मध्यात आलाय, सीबीएसपासून, म्हणजे मधल्या एसटी स्टँडपासून, चालत जाता येतं, त्र्यंबक तिथून २८ किलोमीटर. नाका म्हणजे एकेकाळची वेस. मोठ्या पोरांना सगळे नाके एका रेषेने जोडायला लावा, जुनं नाशिक केवढं होतं त्याचा अंदाज त्यांच्यापुढे आपोआप येतो आणि कुणीतरी विचारतंच की मग सिडको, म्हणजे आपलं ते नवं उपनगर, तेव्हा कुठे होतं.

३. मुंबईची तयार वर्कशीट मिळते, गेटवे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह सगळं आहे. ती चालेल का?

चालेल, पण दुसऱ्या टर्मला. ज्या पोराने गेटवे बघितलंच नाही त्याला "गेटवेपासून सीएसएमटी कोणत्या दिशेला" विचारलं तर ते फक्त कागदावरचे दोन ठिपके बघतं. बरोबर उत्तर देईलही, पण कागद उलटा धरला की गेलं. काळाराम आणि रामकुंडाच्या बाबतीत तसं होत नाही, कारण पाय तिथे जाऊन आलेले असतात. आधी आपलं गाव, मग मुंबई, म्हणजे मुंबईची शीट दहा मिनिटांत संपते.

४. कोणत्या इयत्तेला किती शिकवायचं?

पहिली-दुसरीला फक्त "वरून कसं दिसेल" एवढंच. मी मिसळीची प्लेट वापरते. समोरून बघितली तर वाटीचा उंचवटा दिसतो, उभं राहून वरून बघितली तर गोलात गोल, बाजूला पावाचे दोन चौकोन. झाला प्लॅन. तिसरी-चौथीला नाके, दिशा, चिन्हं. पाचवी ते सातवीला प्रमाण (प्रश्न ६) आणि नदीचे काठ (प्रश्न ७). आठवीपासून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, प्रश्न ११) आणि टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा चढउतार दाखवणारा नकाशा (प्रश्न १२). दहावीला पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे, तिथे हे सगळं एकत्र लागतं.

५. प्रत्यक्ष फिरवायचं असेल तर कुठला रूट घेऊ? वेळ दोन तासच आहे.

रविवार कारंजा, तिथून उतरून होळकर पूल, पूल ओलांडून रामकुंड, मग काळाराम, शेवटी सीता गुंफा. सकाळी लवकर, सुट्टीचा दिवस आणि सणवार टाळून. अंतर फार नाही पण थांबायला खूप आहे. रामकुंडाजवळ नारोशंकराचं मंदिर बघायला विसरू नका, १७४७ चं आहे, त्याच्या घंटेवरून गावात अजून "नारोशंकराची घंटा" म्हणतात.

होळकर पुलावर थांबून एकच काम, नदी कुठून येते आणि कुठे जाते ते बोटाने दाखवायचं. रामकुंडावर जे करायचं ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये लिहिलंय. काळारामाला मात्र निवांत वेळ द्या, कारण त्या आवाराला चारही दिशांना दरवाजे आहेत, दिशा शिकवायला याहून चांगली जागा कुणी मुद्दाम बांधली असती तरी मिळाली नसती. चार गट करायचे, एकेक गट एकेका दरवाजात, आणि प्रत्येकाने बाहेर काय दिसतं ते लिहून आणायचं, मग मधे बसून चार कागद जोडायचे. पोरं भांडतात, माझा दरवाजा पूर्वेचा, नाही माझा, मग कंपास काढायचा. मोठ्यांना तिथेच सांगते की २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि सत्याग्रहींच्या तुकड्या या चारही दरवाजांवर बसल्या होत्या. आपण काढलेल्या कागदावर चार दरवाजे दिसत असताना हे ऐकलं की इतिहासाच्या पुस्तकातली ओळ वेगळीच वाटते, माझ्या वर्गात त्या वेळेला हमखास शांतता होते, एरवी कधीच होत नाही.

६. प्रमाण म्हणजे १ : ५०,००० वगैरे पोरांच्या डोक्यावरून जातं. सोपं करून सांगा ना.

त्र्यंबकेश्वर घ्या. नाशिकहून सरळ रेषेत साधारण २७ किलोमीटर धरा. १ : ५०,००० म्हणजे कागदावरचा १ सेंमी जमिनीवर ५०० मीटर, मग त्र्यंबक ५४ सेंमी लांब गेलं, ए-फोर कागद आडवा धरला तरी ३० सेंमीसुद्धा भरत नाही, म्हणजे त्र्यंबक शेजारच्याच्या बाकावर. हे पोरांना करून बघू द्या, खरोखर पट्टी बाकावरून बाहेर काढू द्या. मग विचारा, कागदावर मावायला काय करायचं? कुणीतरी म्हणतंच की १ सेंमीला १ किलोमीटर धरा. झालं, १ : १,००,०००, आता २७ सेंमीत बसलं, पण रामकुंड ते काळाराम कुठे गेलं? एका ठिपक्यात. त्यासाठी १ सेंमीला ५० मीटर लागतं, म्हणजे १ : ५,०००.

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, शिक्षकांचाही होतो, की बृहत्प्रमाण नकाशा म्हणजे मोठा प्रदेश दाखवणारा. उलटं आहे. एका भाकरीचे ५ तुकडे केले तर तुकडा मोठा की ५० केले तर? ५ चा मोठा. तसंच १ : ५,००० हे मोठं प्रमाण, त्यात गल्ली दिसते. १ : ५०,००० हे त्याच्यापेक्षा लहान, त्यात तालुका दिसतो.

रस्त्याचं अंतर मोजायला दोरा. गंगापूर रोडसारखा वळत जाणारा रस्ता पट्टीने मोजला की कमीच येतो.

७. पंचवटी डाव्या काठावर की उजव्या? पोरगी म्हणते डाव्या, मला तर पुलावरून उजवीकडे दिसते.

पोरगी बरोबर. नदीचा डावा-उजवा काठ आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरत नाही, पाणी ज्या दिशेने वाहतंय तिकडे तोंड करायचं आणि मग हात बघायचे. तसं उभं राहिलं की पंचवटी डाव्या हाताला आणि जुनं नाशिक, म्हणजे सराफ बाजार, भद्रकाली, मेन रोड, हे उजव्या हाताला. तुम्ही पुलावर गंगापूर धरणाच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं तिकडे तोंड करून उभ्या असणार. वर्गात हे शिकवताना मी एका पोराला नदी करते, ते चालत जातं आणि त्याचेच दोन हात म्हणजे दोन काठ, मग ते वळलं तरी हात वळतात. पुन्हा कधी चुकत नाहीत.

८. गोदावरी पूर्वेकडे वाहते असं पुस्तकात आहे. मग रामकुंडावर प्रवाहाकडे तोंड केलं की समोर पूर्व धरायची ना?

अजिबात नाही, आणि हे मी स्वतः पदरची अब्रू घालवून शिकलेय. पहिल्या वर्षी चाळीस पोरं घाटावर उभी केली आणि ऐटीत सांगितलं, पाणी जातंय तिकडे पूर्व, त्याच्या डावीकडे उत्तर, वहीत लिहा. सगळ्यांनी लिहिलं. एका पोराने वडिलांचा मोबाईल आणला होता, त्यातला कंपास बघून म्हणतो, "मॅडम, हा तर दक्षिण दाखवतोय." मी त्याला म्हटलं मोबाईल बिघडलाय. बिघडला नव्हता. गोदावरी एकूण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, ब्रह्मगिरीवरून निघते, १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते हे खरंच, पण रामकुंडापाशी ती दक्षिणेकडे वळलेली आहे. तिला इथे दक्षिणवाहिनी म्हणतात, इथल्या स्नानाच्या महत्त्वात त्याचाही भाग आहे. घरी आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं. पुढे तपोवन, टाकळी करत ती परत पूर्वेकडची वाट धरते.

यातून दोन गोष्टी मिळतात. नदीची एकूण दिशा वेगळी आणि एका जागची दिशा वेगळी, त्यामुळे नदी बघून उत्तर ठरवायची नाही. आणि ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असताना नदी तिकडे न जाता एवढी लांब का गेली, हा प्रश्न पोरांना जिल्ह्याच्या नकाशावर विचारा, उतार काय असतो ते तिथे कळतं.

९. नकाशात उत्तर नेहमी वरच असते ना?

बहुतेक वेळा असते, पण तशी पद्धत आहे म्हणून, निसर्गाचा नियम म्हणून नाही. "वर म्हणजे उत्तर" हे एकदा डोक्यात बसलं की पोरं आकाशाकडे बोट दाखवून उत्तर म्हणतात, थट्टा नाही करत, दाखवतात. नकाशा नेहमी जमिनीवर आडवा ठेवून वाचा, टेबलावर किंवा फरशीवर, भिंतीवर टांगलेला नंतर. आणि सिंहस्थाच्या वेळी लागतात ते मार्गाचे बोर्ड मुद्दाम बघा, २०२७ च्या सिंहस्थातही लागतील, त्यात बऱ्याचदा बाण सोयीने फिरवलेला असतो कारण बघणाऱ्याचं तोंड ज्या बाजूला असतं ती बाजू वर घेतात. आधी बाण शोध, मग वाच, ही सवय लावायची.

१०. गुगल मॅप असताना हे सगळं कशाला? पालक सरळ तोंडावर विचारतात.

मी त्यांना एक करून बघायला सांगते. पोराला फोन द्या, आवाज बंद करा, नकाशा फिरणारा नको, कंपासच्या खुणेवर टॅप करून उत्तर वर स्थिर करा, आणि द्वारकेहून मुंबई नाक्याला न्यायला सांगा. निम्मी पोरं पहिल्याच वळणाला अडकतात, कारण एरवी फोन आपल्याबरोबर वळतो आणि डोकं वापरावंच लागत नाही. शिवाय तिथे उड्डाणपूल आहे, खालचा रस्ता आणि वरचा रस्ता नकाशात एकावर एक दिसतात, गाडी खाली असताना फोन समजतो की वर आहे. दोन रस्ते एकमेकांना ओलांडतात म्हणजे चौक असतोच असं नाही, हे शिकवायला आग्रा रोडचा तो पट्टा एक नंबर. बाकी फोन वाईट नाही हो, अंतर तपासायला मीही तोच वापरते.

११. समोच्च रेषा कशा दाखवू? थर्माकोलचं मॉडेल करून कंटाळलो.

घाटाच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीची कड ही एकाच उंचीवरची रेषा आहे, वरून बघितलं की एकामागे एक रेषा दिसतात, पायऱ्या अरुंद असतील तिथे रेषा जवळ, रुंद असतील तिथे लांब. जवळ रेषा म्हणजे चढ तीव्र, एवढं कळलं की ऐंशी टक्के काम झालं.

दुसरं म्हणजे पूर. नाशिकमध्ये पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी एकच असतं, पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे रामकुंडाजवळच्या त्या उंच मूर्तीच्या, कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, डोक्यावरून गेलं. पाण्याची पातळी मोजायची गावाची पट्टीच ती. आता विचार करा, पाणी मारुतीच्या कमरेला असताना दोन्ही काठांवर पाण्याची कड जिथे लागते तिथे रेघ मारली, मग छातीला आल्यावर पुन्हा मारली, तर काय झालं? दोन समोच्च रेषा झाल्या (नदीला थोडा उतार असतो म्हणून अगदी काटेकोर नाही, पण शाळेसाठी पुरे). पेपरात छापून आलेले पुराचे फोटो वापरा, पोरांना पुरात घेऊन जाऊ नका, हे लिहावं लागू नये पण लिहिते.

जुन्या गावातली नावंही ऐका. म्हसरूळ टेक, डिंगर आळी, जुनी गढी. नाशिक नऊ टेकड्यांवर वसलं असं जुने लोक सांगतात, आता घरांनी झाकल्यामुळे टेकडी दिसत नाही पण सायकल चालवणाऱ्या पोराला चढ कुठे आहे ते बरोबर माहीत असतं. टोपोशीटवर मात्र हे चढ शोधू नका. १ : ५०,००० च्या शीटवर दोन रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं, घाट त्यात दिसणारच नाही. तिथे त्रिरश्मी डोंगर, म्हणजे पांडवलेणीचा, नाहीतर रामशेज शोधा, रेषांची गर्दी लगेच दिसते.

१२. नाशिकची टोपोशीट मागवली तर अर्धंच शहर आलं. फसवलं का मला?

नाही, शहरच तसं बसलंय. २०° उत्तर अक्षवृत्त नाशिकमधून जातं, आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांत ४६ आणि ४७ या दोन मोठ्या शीटची हद्द हीच रेषा आहे. त्यामुळे रेषेच्या उत्तरेचं नाशिक, रामकुंड-पंचवटी धरून, ४६ एच/१६ वर आणि दक्षिणेचं, नाशिकरोड वगैरे, ४७ ई/१३ वर. बरं एवढ्यावर भागत नाही, ७३°४५′ रेखावृत्तही पश्चिमेकडून कापतं, पांडवलेणी जवळपास त्या रेषेवरच, आणि गंगापूर धरण ४६ एच/१२ वर, त्र्यंबक ४७ ई/९ वर. म्हणजे सगळं हवं तर चार शीट जोडायच्या. मला विचाराल तर हे भाग्यच आहे, चार शीट फरशीवर अंथरून कडा जुळवणं हा पोरांचा सगळ्यात आवडता तास असतो, रस्ता या शीटवरून त्या शीटवर नीट गेला की टाळ्या वाजवतात.

नवीन मालिकेच्या शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर खातं उघडून उतरवता येतात. क्रमांक वेगळे दिसतील, कडा त्याच.

१३. एकाच ठिकाणाला दोन नावं, नाहीतर एकाच नावाची दोन ठिकाणं, तेव्हा काय करायचं?

सूचीत दोन्ही लिहा. लोक गोल्फ क्लब म्हणतात, नकाशात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असतं. जुन्या नकाशात व्हिक्टोरिया ब्रिज, आता अहिल्यादेवी होळकर पूल. औरंगाबाद रोड आता छत्रपती संभाजीनगर रोड. रस्ता विचारताना जुनं नाव लागतं, पेपरात नवीन, पोराला दोन्ही यायला हवीत.

उलट प्रकार जास्त फसवतो. म्हसरूळ टेक जुन्या गावात आणि म्हसरूळ उत्तरेला पार दिंडोरी रोडवर. नाशिकरोड म्हणजे रस्ता नव्हे, ते स्टेशन आणि त्याच्या भोवतीचं उपनगर, सीबीएसपासून सरळ रेषेत साडेआठेक किलोमीटर आग्नेयेला. बाहेरून बदलून आलेल्या एका पोराने उत्तरपत्रिकेत त्याला रस्त्याचं चिन्ह दिलं होतं, मी अर्धा मार्क दिला, त्याची तरी काय चूक.

१४. मोबाईलचा कंपास भरवशाचा आहे का? चुंबकीय उत्तर वेगळी असते म्हणतात.

वेगळी असते, पण नाशिकच्या भागात फरक एक अंशाच्याही आत आहे, शाळेच्या कामात सोडून द्या. खरी अडचण लोखंडाची. पुलाचा कठडा, बाकाची फ्रेम, गाडीचं बॉनेट, यांच्यावर फोन ठेवला की सुई भरकटते. हातात आडवा धरा, दोन पावलं लांब सरका, दोन-तीन फोन एकत्र तपासा.

१५. दुपारी बाराला सावली उत्तरेला पडते असं शिकवलं आणि जूनमध्ये उलटीच पडली. काय चुकलं?

दोन गोष्टी. पहिली, घड्याळातले बारा म्हणजे नाशिकचे बारा नव्हेत. भारताची वेळ ८२°३०′ रेखावृत्ताची, नाशिक ७३°४७′ च्या आसपास, दर अंशाला ४ मिनिटं म्हणजे साधारण ३५ मिनिटांचा फरक, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या पुढेमागे.

दुसरी आणि खरी. नाशिक २० अंशावर, कर्कवृत्ताच्या खाली. म्हणून सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, एकदा २० मेच्या आसपास आणि एकदा २३-२४ जुलैच्या आसपास. त्या दिवशी खांबाची सावली खांबाखालीच. या दोन तारखांच्या मधल्या दोन महिन्यांत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, मग सावली दक्षिणेलाच पडणार. तुम्ही चुकला नाहीत, नियम अर्धा सांगितला होता. "सूर्य पूर्वेला उगवतो" याचंही तसंच, नेमका पूर्वेला तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारासच, डिसेंबरात तर पूर्वेपासून साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. डिसेंबरच्या सहलीत उगवत्या सूर्याकडे हात करून नाके मांडले तर सगळे नाके तेवढेच फिरतील.

शून्य सावली बघायची तर मेमध्ये सुट्टी आणि जुलैमध्ये ढग, नाशिकच्या शाळांचं नशीब. मी मेमध्ये पोरांना घरीच काम देते, गच्चीत पाण्याची बाटली उभी ठेवायची आणि १८ ते २२ मे रोज साडेबाराला फोटो काढून पाठवायचा. मागच्या वेळी एकाने रोज आडव्या बाटलीचा पाठवला.